दगडात कोरलेली नाटके, देवळात तगलेले नट

अजमेरचा चाहमान राजा चौथा विग्रहराज याने इ.स. ११५३ मध्ये स्वतः रचलेले 'हरकेलि' हे नाटक शिळांवर कोरवून घेतले. त्याच्याच दरबारी सोमदेव कवीने राजावर लिहिलेले 'ललितविग्रहराज' हे नाटकही असेच दगडावर उतरले. पुढे साठेक वर्षांनी धारच्या परमार राजा अर्जुनवर्म्याचा गुरू मदन याने 'पारिजातमंजरी' रचली. तिचा नायक खुद्द अर्जुनवर्माच. वसंतोत्सवात शारदेच्या मंदिरात तिचा प्रयोग होत असल्याचे प्रस्तावनेत म्हटले आहे, आणि तिच्या चार अंकांपैकी दोन अंक आज शिळेवर शाबूत आहेत. अजमेरच्या शिळा 'अढाई दिन का झोंपडा' या मशिदीच्या आवारात सापडल्या, धारची शिळा कमाल मौला मशिदीच्या भिंतीत. एवढे वाचले की संस्कृत रंगभूमीच्या अंताचे कारण वेगळे शोधायची गरजच वाटत नाही: परकी स्वाऱ्या आल्या, दरबार कोसळले, नाटक संपले. शालेय पुस्तकांपासून व्याख्यानांपर्यंत हीच मांडणी ऐकू येते. पण नाटक शिळेवर कोरून ठेवावे असे राजाला का वाटले असेल? ज्या काळात नट नाटक पाठ करून गावोगाव नेत होते, तेव्हा कोणी ते दगडावर कोरवले नव्हते. या शिळा रंगभूमीच्या भरभराटीचा पुरावा म्हणून दाखवल्या जातात. मला मात्र त्यांत नाटक वाङ्मयाच्या हवाली झाल्याची खूण दिसते. संस्कृत रंगभूमीचा इतिहास आपण नाटककारांच्या यादीवरून लिहीत आलो. तो नटाच्या पोटापाण्यावरून लिहिला तर तिचा ऱ्हास आणि तिचे टिकणे या दोहोंचा उलगडा अधिक नीट होतो.

नाटकाच्या संहिता मिळू लागतात त्याच्या बऱ्याच आधी नट दिसू लागतो. पाणिनीच्या अष्टाध्यायीत शिलालि आणि कृशाश्व यांच्या नटसूत्रांचा उल्लेख आहे. म्हणजे इ.स. पूर्व चौथ्या-पाचव्या शतकात नटांच्या शिक्षणाची सूत्रे तयार होती. ती सूत्रे आज नाहीत, उरली ती व्याकरणकाराने केलेली नोंद. इ.स. पूर्व दुसऱ्या शतकात पतंजली वर्तमानकाळाच्या प्रयोगाची चर्चा करताना सहज विचारतो की कंस तर कधीच मेला, मग 'कंसाला मारवतो' असे लोक आज कसे म्हणतात? उत्तर म्हणून तो शोभनिक नावाच्या खेळ करणाऱ्यांकडे आणि कथा सांगणाऱ्या ग्रंथिकांकडे बोट दाखवतो. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात तर या लोकांचा हिशेबच आहे. बाहेरगावाहून आलेल्या मंडळींनी एका खेळामागे ५ पण प्रेक्षावेतन राज्याला भरावे, पावसाळ्यात एकाच ठिकाणी मुक्काम करावा, आणि नव्याने वसवलेल्या खेड्यांत नट-नर्तकांनी शेतकामात खोळंबा करू नये. कर, मुक्काम, बंदी. कौटिल्याच्या लेखी नाटक हा फिरता धंदा होता, आणि त्याला काबूत ठेवणे हे राज्याचे काम.

नाट्यशास्त्र हा ग्रंथ आजच्या रूपात साधारण इ.स.च्या आगेमागे काही शतकांत घडला. त्यातले तत्त्वज्ञान आपण पुष्कळ उगाळतो, पण कारागिरीकडे दुर्लक्ष करतो. दुसऱ्या अध्यायात नाट्यमंडपाचे मोजमाप आहे. मध्यम आकाराचा लांबट मंडप ६४ हात लांब, ३२ हात रुंद. त्यातला अर्धा प्रेक्षकांसाठी, अर्धा रंगमंच आणि नेपथ्यगृहासाठी. याहून मोठा मंडप बांधू नये, कारण मग बोललेले शब्द विरतात आणि चेहऱ्यावरचे भाव मागच्याला दिसत नाहीत, असे कारणही दिले आहे. हजारोंच्या गर्दीसाठी बांधलेली ही जागा नव्हे. डोळ्याच्या आणि बोटांच्या बारीक हालचालींवर चालणाऱ्या अभिनयाची ती जागा आहे. या ग्रंथाचे दुसरे टोक तितकेच बोलके आहे. पहिल्या अध्यायात नाट्य हा सर्व वर्णांसाठी निर्माण झालेला पाचवा वेद ठरतो, तर शेवटी ऋषींची टवाळी करणारे प्रहसन केल्याबद्दल भरताच्या पुत्रांना शाप मिळतो आणि नटांचा वंश शूद्र ठरतो. कलेला वेदाचा मान, ती करणाऱ्याला मात्र नाही. या विसंगतीमुळे नटाला प्रतिष्ठेच्या आधारावर जगता येत नव्हते. त्याला कुणाचा तरी आश्रय, कुठली तरी ठरलेली जागा आणि वर्षातली ठरलेली तिथी लागत होती.

मध्य आशियात जर्मन मोहिमांना मिळालेल्या ताडपत्रांचे तुकडे जुळवून हाइन्रिश ल्यूडर्स यांनी १९११ मध्ये अश्वघोषाच्या 'शारिपुत्रप्रकरणा'चे अवशेष प्रसिद्ध केले. हे नाटक कुशाणकाळातले. शारिपुत्र आणि मौद्गल्यायन यांनी बौद्ध दीक्षा घेतल्याची कथा. विषय विरक्तीचा, तरी त्यात विदूषक आहे! आणि पात्रापात्रांची भाषाही वेगळी: काही संस्कृत बोलतात, काही निरनिराळ्या प्राकृतांत. म्हणजे ज्याला आपण 'संस्कृत नाटक' म्हणतो ते पहिल्या हाती लागलेल्या संहितेपासूनच बहुभाषी होते. राजा, मंत्री, ब्राह्मण संस्कृतात. राणी, दासी, सेवक प्राकृतात. आणि विदूषक जातीने ब्राह्मण असूनही प्राकृतात. शूद्रकाच्या 'मृच्छकटिका'त जुगारी, चोर, गाडीवान, न्यायाधीश, चांडाळ अशी अख्खी उज्जयिनी आपापल्या बोलीत बोलते. प्रयोग होत ते उत्सवाच्या निमित्ताने. हर्षाची 'रत्नावली' वसंतोत्सवात उलगडते. विदर्भातल्या पद्मपूरच्या भवभूतीने आपली तिन्ही नाटके कालप्रियनाथाच्या यात्रेत जमलेल्या लोकांपुढे होत असल्याचे प्रस्तावनेत सांगितले आहे. यात्रेला आलेल्यांपैकी किती जणांना भवभूतीचे लांबलचक समास कळले असतील, हा प्रश्न रास्त आहे. पण सगळ्यांना सगळे कळावे अशी त्या रंगभूमीची अपेक्षाच नव्हती. कुणी श्लोक ऐकायला बसे, कुणी नाच पाहायला, आणि विदूषकाच्या खादाडपणाला हसायला कोणतीही व्युत्पत्ती लागत नव्हती.

या रंगभूमीला तडा गेला तो आतून, आणि बाराव्या शतकाच्या बराच आधी. काश्मीरच्या जयापीड राजाचा मंत्री दामोदरगुप्त याने आठव्या शतकात लिहिलेल्या 'कुट्टनीमता'त बनारसमधल्या एका प्रयोगाचे तपशीलवार वर्णन आहे. गणिकांची मंडळी 'रत्नावली' करते, पण फक्त पहिला अंक. सबंध नाटकाऐवजी एक अंक निवडून तो रंगवायचा, ही नटांची रीत तेव्हाच पडलेली दिसते. इकडे लेखक उलट दिशेला निघाले होते. इ.स. ९०० च्या सुमारास कनौजच्या प्रतिहार दरबारी असलेला राजशेखर मूळ यायावर कुळातला. त्याच्या अकालजलद या पूर्वजाला 'महाराष्ट्रचूडामणी' म्हटले जाई. त्याचे 'बालरामायण' दहा अंकांचे, सातशेहून अधिक श्लोकांचे. कुणी त्याच्या आकाराला नावे ठेवील याची त्याला कल्पना होती; त्यावर प्रस्तावनेतच त्याचे उत्तर असे की, उक्तीत गुण आहे की नाही ते आधी विचारा. हे कवीचे उत्तर झाले. नटाच्या घशाचा आणि प्रेक्षकाच्या बैठकीचा त्यात विचार नाही. याच राजशेखराने 'कर्पूरमंजरी' पूर्ण प्राकृतात लिहिली, पत्नी अवंतिसुंदरीच्या इच्छेखातर ती रंगमंचावर आली. मोठे धाडस वाटते, पण तोवर ही प्राकृतेही व्याकरणाच्या पुस्तकातून शिकायची भाषा झाली होती. बाजारात अपभ्रंश आणि त्यातून निघालेल्या देशी भाषा बोलल्या जात होत्या. दासीच्या तोंडची भाषा खऱ्या दासीला कळेनाशी झाली, तेव्हा नाटकाच्या बहुभाषिकतेचा अर्थच उरला नाही.

यावर स्वाऱ्यांचा आक्षेप येईल, आणि त्यात तथ्य नाही असे नव्हे. बाराव्या शतकाच्या अखेरीस अजमेर, कनौज यांसारखी राजकुळे संपली तेव्हा त्यांच्या आश्रयाची नाटकेही संपली. पण कारण आणि परिणाम यांचा क्रम तपासला की ही मांडणी अपुरी पडते. गझनीचा महमूद कालिंजरपर्यंत येऊन गेल्यानंतर काही दशकांनी तिथल्याच चंदेल घराण्यातल्या कीर्तिवर्म्यापुढे कृष्णमिश्राचे 'प्रबोधचंद्रोदय' झाले. विवेक, मोह, शांती, श्रद्धा अशी पात्रे असलेले हे नाटक पुढे अनेक भाषांत गेले. सोमनाथवर स्वारी झाली ती १०२५-२६ मध्ये. गुजरातेत संस्कृत नाटकांचा सुकाळ झाला तो त्यानंतरच्या दोन शतकांत. हेमचंद्राचा शिष्य रामचंद्र तिथेच नाटके लिहीत होता आणि गुणचंद्राबरोबर 'नाट्यदर्पण' रचत होता. याउलट विजयनगरात १५६५ पर्यंत बलाढ्य हिंदू दरबार होता. कृष्णदेवरायाने स्वतः 'जांबवतीकल्याण' लिहिले, विरूपाक्षाच्या उत्सवात त्याचा प्रयोग झाला. तरी संस्कृत नाटके पिढ्यान् पिढ्या वंशपरंपरेने करणारा नटवर्ग तिथे उरला नाही. आणि गोवळकोंड्याच्या अबुल हसन कुतुबशहाने सतराव्या शतकात कुचिपुडी हे गाव तिथल्या भागवतुलू कलावंतांना इनाम दिले, असे त्यांची परंपरा सांगते. जिथे स्वारी झाली तिथे नाटक मेले आणि जिथे झाली नाही तिथे जगले, असा सरळ हिशेब जमत नाही.

हिशेब जमतो तो जमिनीशी. तंजावरच्या बृहदीश्वर मंदिरातल्या अकराव्या शतकातील एका चोळ शिलालेखात वैकाशी महिन्याच्या उत्सवात 'राजराजेश्वर नाटक' करणाऱ्या शांतिकूत्तनाला दरसाल १२० कलम भात देण्याची तरतूद आहे. राजा खूश झाला म्हणून दिलेले हे बक्षीस नव्हे. मंदिराच्या कोठारातून, राजा कोणीही असो, दरवर्षी मोजून द्यायचे हे धान्य. केरळात ही व्यवस्था सर्वांत पक्की झाली. चाक्यार ही तिथली नटांची जात जुनी आहे. 'शिलप्पदिकारम्' या तमिळ महाकाव्यात चेर राजा सेंगुट्टुवनपुढे एका चाक्कैयनाने नृत्य केल्याचा प्रसंग आहे. महोदयपुरमच्या चेरवंशीय कुलशेखरवर्म्याने 'तपतीसंवरण' आणि 'सुभद्राधनंजय' ही नाटके लिहिली, आणि ती कशी करायची याचीही काळजी घेतली. त्याच्या नाटकांवरच्या 'व्यंग्यव्याख्या' या टीकेचा कर्ता सांगतो की राजाने आपल्याला बोलावून घेतले, स्वतः भूमिका करून दाखवल्या आणि शब्दांमागचा व्यंग्यार्थ अभिनयातून कसा पोचवायचा ते समजावले. दरबारातले हे नाटक मग मंदिरात स्थिरावले. अमुक मंदिरात अमुक घराण्याने अमुक महिन्यात खेळ करायचा, त्याबदल्यात त्या घराण्याने मंदिराची जमीन कसून खायची. पुरुषपात्रे चाक्यारांची, मिळावु हा घटासारखा मोठा ढोल वाजवणे नंबियारांचे, स्त्रीपात्रे त्यांच्या घरच्या नंगियार बायकांची. हक्क आणि कर्तव्य एकाच दोरीने बांधले गेले, आणि ती दोरी सुमारे हजार वर्षे तुटली नाही.

हे नाट्य म्हणजे कूडियाट्टम. त्रिचूरच्या वडक्कुन्नाथ मंदिरात आजही उभे असलेले कूत्तंबलम, म्हणजे नाट्यगृह, पाहिले की नाट्यशास्त्राच्या मोजमापामागचा हेतू दिसतो: मंच लहान, त्यासमोर पितळी समई, तिच्या दोन वाती नटाकडे तोंड करून आणि एक प्रेक्षकांकडे. नटाच्या डोळ्यांवर पडणारा उजेड एवढाच, म्हणून प्रेक्षक जवळच बसतो. सबंध नाटक सहसा कधी होत नाही. एक अंक घेतात आणि तो अनेक रात्री चालतो, काही प्रयोग तर चाळीस दिवसांपर्यंत. पात्र पहिल्यांदा येते तेव्हा पुढची कथा थांबते आणि ते एकटे, केवळ अभिनयाने, आपला पूर्वेतिहास मांडते. याला निर्वहण म्हणतात. पण मला या व्यवस्थेतला सर्वांत चतुर भाग वाटतो तो विदूषकाचा. प्राकृत कुणाला कळत नाही हे ओळखून चाक्यारांनी विदूषकाला मल्याळम बोलू दिले. नायकाने म्हटलेला संस्कृत श्लोक तो लोकांना उलगडून सांगतो, त्याचे विडंबन करणारा मल्याळम प्रतिश्लोक म्हणतो, आणि चार पुरुषार्थांच्या जागी जेवणावळी, राजसेवा, वेश्यागमन आणि ठकवणूक असे स्वतःचे चार पुरुषार्थ मांडून रात्रीच्या रात्री समोर बसलेल्या नंबूतिरींची आणि सरदारांची खिल्ली उडवतो. त्याला अडवायचा अधिकार कुणाला नव्हता. राजशेखराला पूर्ण प्राकृत नाटक लिहून जे साधले नाही ते चाक्यारांनी एका पात्राची भाषा बदलून साधले, आणि त्या आडोशाने बाकीचे संस्कृत जसेच्या तसे राखले.

इथे जाणकार वाचक विचारील की ही खरोखर तीच रंगभूमी आहे का? जिथे कथा दहा-दहा रात्री थांबते, विदूषक मूळ संहितेबाहेर भटकतो, मंदिरातल्या विधींची क्रिया नाटकात मिसळते, ते कालिदासाच्या काळचे नाटक कसे? हा आक्षेप आधुनिक नाही. केरळातच पंधराव्या शतकाच्या सुमारास 'नटांकुश' नावाचा ग्रंथ एका अज्ञात पंडिताने लिहिला. नटरूपी हत्तीवर चालवायचा हा अंकुश. नाट्यशास्त्र हातात घेऊन त्याने चाक्यारांचे वाभाडे काढले: निर्वहणाने रसभंग होतो, मूळ कवीने न लिहिलेले आत घुसडले जाते. पंडिताचे म्हणणे शास्त्राप्रमाणे बरोबर आहे. पण शास्त्रशुद्ध प्रयोगाची बाजू घेणाऱ्या त्याच्या परंपरेत एकही नट उरला नाही, आणि ज्यांना त्याने झोडपले त्यांच्या घरांत नाटके उरली. याचा पुरावा १९०९ नंतर पुढे आला. टी. गणपतिशास्त्री यांना त्रावणकोरात ताडपत्रांच्या पोथ्या मिळाल्या आणि भासाची म्हणून तेरा नाटके १९१२ पासून छापून निघाली. 'स्वप्नवासवदत्त' भारतभर केवळ अलंकारशास्त्रातल्या उल्लेखांवरून ठाऊक होते. चाक्यार त्याच उदयनकथेच्या 'प्रतिज्ञायौगंधरायणा'तले अंक वर्षानुवर्षे करत आले होते. शिवाय एकाच अंकाचा प्रयोग ही केरळी विकृती नव्हे हे बनारसच्या त्या गणिकांनी आठव्या शतकातच दाखवून दिले होते. पल्लव राजा महेंद्रवर्म्याचे सातव्या शतकातले 'मत्तविलास' हे दारुड्या कापालिकाचे प्रहसन कांचीत विस्मरणात गेले, आणि केरळच्या मंदिरांत संतानप्राप्तीच्या नवसाचा विधी म्हणून जगले. कापालिकाच्या थट्टेचा नवस झाला, हा विनोद महेंद्रवर्म्यालाही आवडला असता.

केरळाबाहेर संस्कृत रंगभूमी टिकली नाही, पण देशी भाषेला आत घेण्याचा तोच तोडगा ठिकठिकाणी निघालेला दिसतो. मिथिलेत उमापतीच्या 'पारिजातहरणा'त संवाद संस्कृत-प्राकृतात आणि गाणी मैथिलीत आहेत. आसामात शंकरदेवांनी (१४४९-१५६८) अंकिया नाट रचले; त्यात श्लोक संस्कृत, संवाद आणि गीते ब्रजावलीत. संस्कृत नाटकात प्रस्तावना आटोपून निघून जाणारा सूत्रधार इथे शेवटपर्यंत मंचावर थांबतो आणि कथा सांगत राहतो. सत्र आणि नामघर ही त्याची ठरलेली जागा झाली. तंजावरच्या भोसल्यांपैकी शहाजीराजांनी (कारकीर्द १६८४-१७१२) तेलुगू यक्षगानाच्या घाटात मराठी नाटके लिहिली, 'लक्ष्मीनारायणकल्याण' हे त्यांतले एक. दक्षिण कोकणातल्या दशावताराची घडणही याच जातीची आहे. ठरलेल्या देवळांच्या जत्रा ठरलेल्या मंडळींकडे, आरंभी गणपती-सरस्वती, आणि मग प्रेक्षकांशी त्यांच्याच बोलीत हुज्जत घालणारा संकासूर. हा संकासूर संस्कृत विदूषकाचा थेट वारस आहे असे मी म्हणणार नाही, त्याला पुरावा नाही. पण गंभीर कथा पेलायची तर शेजारी गावच्या भाषेत बोलणारा एक तोंडाळ हवा, ही गरज दोन्हीकडे सारखी होती.

देवळाने नाट्य वाचवले त्याची किंमतही घेतली, आणि ती लहान नव्हती. कूत्तंबलम मंदिराच्या आवारात असल्यामुळे ज्यांना मंदिरात प्रवेश नव्हता त्यांना हे नाट्यही नव्हते. 'पाचवा वेद सर्वांसाठी' हे वचन तिथे पोथीतच राहिले. पैंकुळम राम चाक्यारांनी १९४९ मध्ये मंदिराबाहेर कूत्तु हा चाक्यारांचा खेळ केला तेव्हा घरच्यांचा आणि समाजाचा रोष ओढवला. दुसरी किंमत नाटकांच्या निवडीत दिसते. चाक्यारांच्या नेहमीच्या अंकांत राम आहे, अर्जुन-सुभद्रा आहेत, उदयन आहे. 'मृच्छकटिक' नाही, 'शाकुंतल'ही त्यांच्या रोजच्या खेळांत नाही. शहराचे नाटक, ज्यात व्यापारी कंगाल होतो, गणिका प्रेम करते, जुगारी मार खातो आणि शेवटी राज्य उलथते, ते मंदिराच्या वर्षचक्रात कुठे बसवणार? ते पोथीत उरले. आणि जमिनीवर उभी असलेली व्यवस्था जमिनीबरोबरच डळमळली. केरळात १९६० आणि ७० च्या दशकांतल्या जमीन सुधारणांनी मंदिरांचे उत्पन्न आटले, कुळांना न्याय मिळाला, आणि चाक्यार घराण्यांच्या हजार वर्षांच्या तजविजीला कोणतीही स्वारी न होता धक्का बसला. केरळ कलामंडलमने १९६५ पासून जातीबाहेरच्या मुलांनाही हे शिक्षण देणे सुरू केले नसते, तर २००१ मध्ये युनेस्कोने गौरव करायला किती नट शिल्लक असते, शंका आहे.

मंदिरांनी न घेतलेल्या त्या नाटकांचे पुढे काय झाले, याचा एक धागा महाराष्ट्रात सापडतो. अण्णासाहेब किर्लोस्करांनी ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात 'संगीत शाकुंतल' रंगभूमीवर आणले. पहिल्या प्रयोगात चारच अंक झाले. गोविंद बल्लाळ देवलांनी त्याच दशकात 'मृच्छकटिक' मराठीत आणले, आणि त्यातला खलपुरुष शकार मराठी बोलू लागला. या मंडळींच्या मागे ना जमीन होती ना कोठारातले भात. त्यांचा खर्च तिकिटावर निघत होता.